तुरुंग नको, घटस्फोट नको, फक्त मारणं थांबावं

"मॅडम, मला त्यांना आत टाकायचं नाही. घटस्फोटही नको. हात उचलणं तेवढं थांबावं." समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींचं पहिलं वाक्य हेच असतं. त्याच्या मागोमाग दुसरी धास्ती येते, की एकदा तक्रार केली की घराबाहेर पडावं लागणार. खालची हकिकत अशा अनेक प्रकरणांतून जुळवलेली आहे, त्यामुळे ती कुणा एकीची नाही.

बाई चौतिशीची, लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं. सोबत धाकटी बहीण आली होती आणि तिचं सगळं आधीच ठरलेलं होतं. "आजच हिची बॅग भरते. तुम्ही फक्त हिला समजवा." बहिणीला बाहेर बाकावर बसवलं. माहेरच्या माणसांसमोर बाई निम्मंच सांगते, कारण ऐकणाऱ्याचा राग सांभाळण्यातच तिची शक्ती जाते. आणि आधी नवऱ्याचं ऐकायचं, आता बहिणीचं, एवढाच बदल झाला तर आठ-पंधरा दिवसांत ती परत जाते. मग "हिलाच सुटायचं नाही" असा शिक्का बसतो आणि पुढच्या वेळी तिच्यासोबत यायला कुणी उरत नाही.

तिच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला दोन वर्षांपूर्वीचा, शंभराच्या स्टॅम्पवरचा. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवून लिहून घेतलेला: "यापुढे पत्नीस त्रास देणार नाही. पत्नीनेही सासू-सासऱ्यांशी नीट वागावे." ही दोन वाक्यं शेजारी बसली की मार हा तिच्या वागण्याचा परिणाम ठरतो. नीट वागली नाही, म्हणून मारलं. शिवाय असा कागद मोडला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण हिंसा चालू असताना नवरा-बायकोला समोरासमोर बसवून केलेली तडजोड आम्हाला धोक्याचीच वाटते. तिथे ती जे बोलते त्याचा हिशेब संध्याकाळी घरी चुकता होतो.

दुसरा कागद दवाखान्याचा केसपेपर. "बाथरूममध्ये घसरून पडल्याने डाव्या मनगटास दुखापत." नवरा शेजारी उभा असताना तिने जे सांगितलं ते डॉक्टरांनी लिहिलं. हा कागद पुढे तिच्याच विरोधात वापरला जातो. डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे असं सांगता येतं, आणि कोणी, कशाने, केव्हा मारलं ते बोललेल्या शब्दांत नोंदवून घेता येतं. आधी तक्रार नोंदवलेली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. जखमेचे फोटो दोन घ्यावेत, एक चेहरा दिसेल असा लांबून आणि एक जवळून. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठसठशीत दिसतो, तेव्हा पुन्हा घ्यावेत.

मग एक प्रश्न आम्ही प्रत्येकीला विचारतो. कधी गळा धरला होता का? ती सहज म्हणाली, "धरलेला ना. पण खूण नव्हती राहिली." गळा आवळल्यावर बाहेरून काहीच न दिसणं नेहमीचं आहे. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, मधले काही क्षण न आठवणं, ही लक्षणं असतात. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनी पक्षाघातही येऊ शकतो. गळा धरणं हे पुढे जीव जाण्याच्या धोक्याचं फार मोठं लक्षण मानलं जातं. सात महिन्यांपूर्वीची ही घटना तिच्या लेखी किरकोळ होती. आमच्या कागदावर ती सगळ्यात वर गेली.

"पण पुरावा काहीच नाही," असं तिने तीनदा म्हटलं. घरी दुधाचे खाडे कुठे लिहिता, असं विचारल्यावर म्हणाली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, निळी फुली मारून. आणि मग हळूच, "मारलं त्या दिवशी मी लाल टिंब देते. कुणाला कळत नाही." मागच्या दोन वर्षांच्या दिनदर्शिका पलंगाखाली गुंडाळून ठेवलेल्या होत्या. लाल टिंबांच्या तारखा, केसपेपरची तारीख, मुलाच्या शाळेतल्या गैरहजेऱ्या हे सगळं एकाखाली एक मांडलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. घरात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतोच. अशी तारखेनिशी, त्या त्या वेळी केलेली नोंद म्हणूनच वजनदार ठरते.

या नोंदीवर पुढचं पाऊल उभं राहतं. महिलांचं कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. तिच्या पहिल्या वाक्याचं उत्तर यातच आहे. घटस्फोट न मागता, नवऱ्यावर फौजदारी गुन्हा न घालता न्यायदंडाधिकाऱ्यांकडून "हे करू नकोस" असा आदेश मिळवता येतो. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरून देतात, त्याला डीआयआर म्हणतात, आणि कलम 12 खाली अर्ज होतो. स्त्रीला सरकारकडून वकिलाची मदत विनामूल्य मिळते, उत्पन्नाची अट नाही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागायचा. तो राहून गेला तर महिनोन्‌महिने हातात काही नसतं.

घर सासूच्या नावावर होतं. "मग माझा हक्क कसला?" हा तिचा पुढचा प्रश्न. कलम 17 प्रमाणे सामायिक घरात, म्हणजे ती नवऱ्यासोबत नांदते त्या घरात, राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हा हक्क राहण्यापुरता, मालकीचा नाही. जीव धोक्यात असताना चार दिवस बहिणीकडे गेल्याने तो बुडत नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

अर्जात "त्रास थांबवावा" एवढंच मागितलं तर आदेशही तसाच मोघम येतो, आणि मोघम आदेश मोडला हे दाखवता येत नाही. तिच्या अर्जात लिहिलं: मारहाण व शिवीगाळ करू नये, शिवणकामाच्या दुकानात येऊ नये, फोन करून धमकावू नये, दागिने विकू नयेत, तिला घराबाहेर काढू नये, मुलांच्या शाळेचा व औषधांचा खर्च द्यावा. दागिन्यांची यादी वजनासकट जोडली. संरक्षण आदेश मोडला की तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुरुंगाचा विषय इथे येतो, म्हणजे आदेश मोडण्याचं त्याने ठरवल्यावर.

सगळ्यात जपायचा दिवस मात्र त्याच्या हातात नोटीस पडते तो. ती साधारण दोन दिवसांत बजावली जाते, म्हणून तयारी अर्जाच्या आधीची. आधारकार्डं, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, लग्नाचा दाखला यांच्या प्रती बहिणीकडे गेल्या. मूळ कागद एकदम उचलले नाहीत, रिकामा खण लगेच दिसतो. भांडण चढायला लागलं की स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळायचं, बाहेरच्या दाराजवळ राहायचं. मोठ्या मुलाला एवढंच शिकवलं, की मध्ये पडायचं नाही, धाकटीला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचं. बहिणीला "निळा दोरा संपला" असा मेसेज गेला की तिने 112 लावायचा, उलट फोन करून विचारत बसायचं नाही. मोबाइल पाहिला तर तिचं व्हॉट्सॲप नवऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडलेलं निघालं. ते आम्ही लगेच तोडलं नाही, कारण त्यालाही कळलं असतं. कामाचं बोलणं दुकानातल्या फोनवरून सुरू केलं.

बहिणीला शेवटी आत बोलावलं. तिने करायचं ते असं: कागद सांभाळणं, तारखेला सोबत येणं आणि "का नाही सोडत?" हा प्रश्न बंद करणं. शेजारी किंवा नातेवाईकही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतात. सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी कायदा त्यांना जबाबदार धरत नाही. रात्री-अपरात्री 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि निवारा लागला तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहता येतं.

अंतरिम आदेश मिळाला. प्रत पोलीस ठाण्यात जाते, पण ती पोहोचली का हे बहिणीने स्वतः जाऊन पाहिलं आणि आवक क्रमांक लिहून आणला. आदेशाचा फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये आहे. मधे न्यायालयाने दोघांना समुपदेशनाला पाठवलं. तिथे मारहाणीचं समर्थन करायला नवऱ्याला मुभा नसते, तसा नियमच आहे. तरी त्याने स्टॅम्पपेपरचा विषय काढला, "ती नीट वागली असती तर." ते वाक्य अहवालात जसंच्या तसं गेलं. मार थांबलाय. शाळेचा खर्च मात्र दोन महिन्यांचा थकला आहे, आणि त्याच्या वसुलीचा अर्ज पुढच्या तारखेला लागतो.