ड्राइव्ह गेला की कंट्रोलरचे सेटिंग बदलले?

प्रश्न : स. न. वि. वि. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे पॅटर्न-मेकिंगचे छोटे वर्कशॉप असून शिरोलीच्या फौंड्र्यांसाठी लागणाऱ्या पॅटर्नची आणि कोअर-बॉक्सची ड्रॉइंग मी स्वतः लॅपटॉपवर करतो. लॅपटॉप वर्कस्टेशन प्रकारातला, चार वर्षांपूर्वी जुना घेतलेला आहे. त्यात अडीच इंची एकच एसएसडी आहे. घर शुक्रवार पेठेत नदीच्या बाजूला असल्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेले, तेव्हा सामानाबरोबर लॅपटॉपही राजारामपुरीत बहिणीकडे हलवला आणि तो दोन महिने तिथल्या कपाटात पडून राहिला. त्याला पाणी अजिबात लागलेले नाही. परवा चार्जर जोडून सुरू केला, तर आधी तारीख-वेळ चुकल्याची सूचना आली, मग विंडोजचे चिन्ह दिसले आणि लगेच निळा पडदा येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरे उमटली. दुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्क गेली, नवी घालून विंडोज टाकावे लागेल’ असे सांगितले. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) मात्र डिस्कचे नाव आणि क्षमता बरोबर दिसते. आठ वर्षांची ड्रॉइंग त्यात आहेत. ती गेली असे समजावे का?

उत्तर : नाही, तसे समजू नका, आणि हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत लॅपटॉप कोणाच्याही हाती देऊ नका. आपल्या पत्रातच तीन खुणा आहेत आणि त्या तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

पहिली खूण म्हणजे बायोसला डिस्क दिसते. खरोखर मेलेली डिस्क बहुधा तिथेच नाहीशी होते किंवा तिची क्षमता भलतीच दिसते. दुसरी खूण निळ्या पडद्याची आहे. लॅपटॉप सुरू होताना डिस्कवरचा सुरुवातीचा भाग बायोस वाचतो आणि त्यातूनच विंडोजचा गाभा मेमरीत येतो. त्यानंतर डिस्क वाचण्याचे काम विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने (यंत्रातला एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) करू लागते. आपल्याकडे विंडोजचे चिन्ह दिसले, म्हणजे बायोसने आपले काम पुरे केले, डिस्कवरून वाचनही झाले आणि अडचण आली ती काम हातात घेण्याच्या त्या क्षणी. डिस्क सापडलीच नसती, तर पडदा निळा न होता ‘बूट होण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाची काळ्या पडद्यावरची ओळ दिसली असती. तिसरी खूण तारखेची आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी मदरबोर्डवर असते. बहुतेक वेळा ती सीआर२०३२ या क्रमांकाची, तीन व्होल्टची असते आणि लॅपटॉपमध्ये पुष्कळदा प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन वायरींसह बसवलेली आढळते. ही बॅटरी जुनी होऊन संपली आणि दोन महिन्यांत मुख्य बॅटरीही पार उतरली की घड्याळ मागे जाते आणि अनेक लॅपटॉपांत बायोसची सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला परततात.

आता त्या मूळ स्थितीत काय असते ते पाहू. डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्ये त्यांची देवाणघेवाण सांभाळणारा साटा कंट्रोलर असतो आणि तो दोन प्रकारे काम करू शकतो. एक पद्धत ‘एएचसीआय’, म्हणजे इंटेलने २००४ मध्ये पुढे आणलेली आणि आता सर्वत्र चालणारी साधी पद्धत. दुसरी ‘रेड’, ज्यात अनेक डिस्का एकत्र बांधण्याची सोय असते आणि जिला इंटेलचा वेगळा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर लागतो. वर्कस्टेशन लॅपटॉपांत एकाहून अधिक डिस्का बसवण्याची सोय असल्याने त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत कारखान्यातून ‘रेड ऑन’ असेच सेटिंग येते. आपल्या आधीच्या मालकाने विंडोज घालताना ते बदलून एएचसीआय केले असावे. विंडोज सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यात फक्त गरजेचे ड्रायव्हर घेते. गेली चार वर्षे त्याला एएचसीआयचा ड्रायव्हर पुरत होता, आज कंट्रोलर ‘रेड’ म्हणून समोर उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर तयार नसल्यामुळे विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी झाली. आपल्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर कोअर (ओतकामात पोकळी राखणारा वाळूचा गाभा) निर्दोष आहे, पण साच्यातली कोअर-प्रिंट, म्हणजे त्याची बैठक, बदलली आहे. कोअर बसत नाही म्हणून तो मोडून टाकण्याआधी बैठक तपासायची असते.

हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे, फक्त क्रम पाळावा. लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा एफ१० दाबून (कोणते बटण ते पडद्यावर क्षणभर दिसते) बायोसमध्ये जा आणि काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मग ‘स्टोरेज’ किंवा ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ या भागात ‘साटा ऑपरेशन’ हे सेटिंग शोधा. तिथे ‘रेड ऑन’ असेल तर ‘एएचसीआय’ करा, तारीख-वेळ बरोबर लावा, जतन करून बाहेर पडा. या बदलाने डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही किंवा पुसले जात नाही, बदलते ती फक्त कंट्रोलरची बोलण्याची पद्धत. विंडोज सुरू झाले, तर निदान बरोबर ठरले. न झाले, तर फोटो पाहून सेटिंग पूर्ववत करा, म्हणजे आपण होतो तिथेच राहतो. इथे एक अपवाद स्पष्ट सांगतो. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दोन डिस्का खरोखरच रेडमध्ये बांधलेल्या आहेत, त्यांनी हे सेटिंग मुळीच हलवू नये आणि रेडच्या पडद्यावरचे ‘व्हॉल्यूम तयार करा’ किंवा ‘व्हॉल्यूम काढून टाका’ हे पर्याय कोणीही गंमत म्हणून दाबू नयेत. आपल्याकडे एकच डिस्क असल्यामुळे ही भीती नाही.

आणखी एका गोष्टीपासून जपा. दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते आणि त्यात ‘रीसेट’चा पर्याय असतो. ‘माझ्या फाइल्स ठेवा’ असे निवडले, तरी कॅडसह सारी सॉफ्टवेअर निघून जातात आणि त्यांच्या परवान्यांसाठी पुन्हा पळापळ करावी लागते. चुकीच्या निदानावर पुसल्या गेलेल्या चांगल्या डिस्का मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मालकांना काय गमावले ते फार उशिरा कळले. आपल्यावर ती वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विंडोज सुरू झाल्यावर पहिले काम बॅटरी बदलण्याचे नाही. आधी सारी ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यांतली दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तोपर्यंत चार्जर काढू नका. त्यानंतर घड्याळाची बॅटरी बदलून घ्या आणि बदलल्यावर साटाचे सेटिंग व तारीख पुन्हा लावा, कारण सगळा वीजपुरवठा तुटला की सेटिंग पुन्हा मूळ स्थितीला जाऊ शकते. शेवटी डिस्कची प्रकृती पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवते. ०५ क्रमांकाची नोंद बदली केलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) असते, १९७ क्रमांकाची वाचता न आलेल्या आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची, तर १९९ क्रमांकाची नोंद केबल किंवा कनेक्टरमधून जाताना बिघडलेल्या माहितीची असते. (हे साधन क्रमांक दहाऐवजी सोळा हा पाया धरून लिहिण्याच्या पद्धतीने दाखवते, त्यामुळे १९७ तिथे ‘सी५’ आणि १९९ ‘सी७’ असे दिसतील.) पहिल्या दोहोंतले आकडे वाढत असतील, तर डिस्क बदलण्याची वेळ जवळ आली असे समजा. फक्त तिसरा वाढत असेल, तर डिस्कला दोष देण्यापूर्वी तिचा कनेक्टर काढून नीट बसवून पाहा.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि आर्किटेक्ट म्हणून काम करते. माझ्या दोन वर्षांच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने घालायला घेतले, तर ‘कोणताही ड्राइव्ह सापडला नाही’ असे येते. मी रद्द करून पुन्हा सुरू केले, तर जुने विंडोज व्यवस्थित चालते. मग पेनड्राइव्हला डिस्क का दिसत नाही?

उत्तर : आपण मध्येच थांबलात हे फार चांगले केले. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ नावाचा कंट्रोलर चालू असतो आणि एनव्हीएमई ड्राइव्ह (साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी) त्याच्या आड बसतो. तो ओळखण्याचा ड्रायव्हर आपल्या चालू विंडोजमध्ये आहे, पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये तो नसावा, एवढाच फरक आहे.

यावर दोन उपाय आहेत. आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून त्यातली ‘आयएनएफ’ फाइल असलेले फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि इन्स्टॉल करताना ‘लोड ड्रायव्हर’ निवडून ते दाखवावे. नुसती सेटअपची ‘ईएक्सई’ फाइल तिथे ठेवून उपयोग होत नाही, आणि बहुतेकांचे अडते ते इथेच. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. एकच ड्राइव्ह असलेल्या यंत्रात त्याने कामाच्या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. तरीही मी पहिल्या उपायाच्या बाजूने आहे, कारण व्हीएमडी बंद केले की आपले जुने, चालू विंडोज वरच्या पत्रातल्या त्याच निळ्या पडद्यावर जाऊन थांबेल आणि ऐनवेळी त्यातली एखादी फाइल हवी झाली तर पंचाईत होईल.

बंदच करायचे असेल, तर आधी चालू विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ हे सेटिंगचे साधन उघडा, ‘बूट’ या भागात ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि तिथे बदल करा. सेफ मोडमध्ये विंडोज मूलभूत ड्रायव्हर सगळेच घेते, त्यामुळे नव्या कंट्रोलरशी त्याची ओळख होते. त्यानंतर खूण काढून पुन्हा सुरू करावे. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ असू द्यावा. आणि या साऱ्याआधी बिटलॉकर (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते अवश्य पाहा. चालू असेल तर तो तात्पुरता स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा सापडते. ती नसेल, तर बायोसला हातच लावू नका, कारण तिच्याशिवाय कुलूपबंद झालेला ड्राइव्ह कोणताही तंत्रज्ञ उघडून देऊ शकत नाही.

प्रश्न : कागलहून लिहीत आहे. लॅपटॉपमधल्या रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये नवी एसएसडी बसवली. ती जागेवर चपखल बसली, पण बायोसमध्येही दिसत नाही. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

उत्तर : एसएसडीवर लावलेल्या चिकटपट्टीवर ‘साटा’ लिहिले आहे की ‘एनव्हीएमई’, ते आधी पाहा. एम.२ हे फक्त आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. त्याच्यासोबत येणारा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, यापलीकडे तो काही सांगत नाही. साटा प्रकारच्या कार्डाला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. दोन खाचांचे कार्ड एक खाच लागणाऱ्या स्लॉटमध्ये सहज बसते, पण त्या स्लॉटला साटाच्या वाटा जोडलेल्याच नसतील, तर कंट्रोलरला त्याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी कोणतेही सेटिंग बदलून उपयोग नाही. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटसमोर नेमके काय छापले आहे ते वाचून मगच दुसरी एसएसडी घ्या. हातातली मात्र वाया गेलेली नाही. एम.२ साटासाठी मिळणारी यूएसबीची डबी आणून त्यात ती बसवा आणि बॅकअपसाठी वापरा. डबी घेताना फक्त ती साटाची आहे ना, एवढे दुकानातच उघडून पाहून घ्या.