मुंजीत २०० कप मूस

प्रश्न: ताई, मे महिन्यात नातवाची मुंज आहे, इथेच वडोदऱ्यात दांडिया बाजारात, २०० पानं. सूनबाईला श्रीखंडाऐवजी चॉकलेट मूस (ते फेटलेल्या क्रीमचं हलकं, मऊ गोड) हवंय, तेही प्रत्येकाला वेगळ्या कपात. अंडं चालणार नाही. घरी जमेल का हो?

उत्तर: जमेल की, पण श्रीखंड अगदीच काढू नका, म्हातारी मंडळी रुसतील! कप ६० मिलीचेच घ्या, पोटभर जेवल्यावर त्याहून जास्त कोणी खात नाही. अंदाजे ३ किलो डार्क चॉकलेट आणि ६ लिटर व्हिपिंग क्रीम लागेल, साधं फ्रेश क्रीम आणू नका, त्यात फॅट २५ टक्केच असतं, कितीही फेटा, फुलतच नाही (मी एकदा अर्धा तास फेटत बसले होते, शेवटी त्याची खीर केली). २ लिटर क्रीम गरम करून चॉकलेटवर ओता, मिश्रण कोमट झालं की उरलेलं फेटलेलं क्रीम तीन-चार वेळात हलक्या हाताने मिसळा, गरमात घातलंत तर सगळं पाणी होईल. चमच्याने भरू नका, कपाच्या कडा बरबटतात, मेंदीसारख्या कोनात भरून पिळा. जिलेटिन नकोच, ते प्राण्यांपासून काढतात, मुंजीत कोणी विचारलं तर पंचाईत.

आदल्या रात्री भरून ठेवा. खरी अडचण फ्रिजची, २०० कप घरच्या फ्रिजात मावणार नाहीत, केटररकडे डीप फ्रीजर असतो तो आधीच सांगून ठेवा. आणि टेबलावर एकदम मांडू नका, मेच्या उकाड्यात लगेच ढिले पडतात, पंगत उठायला लागली की ३०-४० करत बाहेर काढा.