भावाच्या सासूबाईंना फोन कधी करताय?

ताई, ठाण्याहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. धाकट्या भावाने आईची एफडी मोडून शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घालवली, वर तोराहमधल्या, म्हणजे आपल्या ज्यू धर्मग्रंथातल्या, योसेफाचं बोलणं ऐकवतो की माणसांनी वाईट योजलं तरी देवाने त्यातून चांगलंच योजलं होतं, आणि तुम्ही विचारताय की देवाला सगळं आधीच माहीत होतं तर भावाला दोष द्यायचा कसा.

पण शेवटी शेवटी सहज लिहून गेलात की आता तो त्याच्या सासूबाईंकडून पैसे घेतोय, पुढच्या आठवड्यात त्या देणार आहेत, "तेही बुडणार हे मला दिसतंय, पण देवाच्या मनात असेल ते होईल." मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आला, भावाचा नंतर.

योसेफाचं ते बोलणं कोणाच्या तोंडी आहे बघा. ज्याला सख्ख्या-सावत्र भावांनीच खड्ड्यात टाकलं, 20 चांदीच्या नाण्यांना विकलं, त्याच्या. आणि तो हे बोलला तेव्हा विकणारे भाऊ पाया पडून माफी मागत होते. तुमच्या भावाला ते वापरायचा काहीएक हक्क नाही.

आता तुमचं. देवाला पुढचं दिसतं तेव्हा तो गप्प बसतो असं तुम्ही कुठे वाचलंत? आदामाचा मुलगा काइन, त्याने आपल्या भावाला, हाबेलला मारायच्या आधीच देवाने त्याला बजावलं होतं की पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याला काबूत ठेव. त्याने ऐकलं नाही, तो दोष त्याचा. निनवे या पापी शहराला नाशाआधीची 40 दिवसांची मुदत कळली, लोक वळले, शहर वाचलं. आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 23वा अध्याय काढून वाचाच. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठलेला, दावीद कईला गावात असतो, देवाला विचारतो शौल इथे येईल का, देव म्हणतो येईल, गावकरी मला त्याच्या हवाली करतील का, तर करतील, मग दावीद आपली सहाशेक माणसं घेऊन तिथून निघून जातो आणि शौल येतच नाही! देवाने सांगितलेलं घडलं नाही कारण ऐकणारा उठून चालायला लागला.

आपले जुने धर्मगुरू रब्बी अकिवा म्हणून गेले की सगळं आधीच दिसलेलं आहे, तरीही माणसाला निवडायची मोकळीक दिलेली आहे. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते मी सोडवून देणार नाही, तुमचं काम त्यावाचून अडलेलं नाही.

त्या सासूबाईंना काहीच माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. भावाला न विचारता फोन करा, एफडीचं काय झालं ते आकड्यांसकट सांगा. वहिनी चिडेल, भाऊ बोलणं टाकेल, पेसाहच्या सणाला घरी येणार नाही, चालेल. एवढं ऐकूनही त्यांनी पैसे दिले तर तो त्यांचा निर्णय, पण निदान त्यांना निर्णय घेता तर येऊ दे. या शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत करा.