हाक मारली की कोंबडीची पिल्ले धावत यावीत, यासाठी काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोनेक आठवड्यांची गावठी पिल्ले आणलीत, हात पुढे केला की ती कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात. ती माणसाळतील का, आणि पुढे थिवीच्या परसात मोकळी सोडली तर हाकेला येतील का?

दोन्ही होईल. पण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे डिचोलीत अशा कोंबड्या आहेत ज्या कधी हातात आल्या नाहीत, पण करवंटीत कण्या खुळखुळल्या की कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) टोकावरून पंख पसरून धावत येतात. मांडीवर बसणारी कोंबडी ही हौस झाली. हाकेला येणारी कोंबडी ही गरज आहे, कारण परसात मुंगूस फिरते आणि वर घार.

आधी भीतीचे बघू. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे जाते, मग ती आई असो की माणूस. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने १८७३ साली हे नोंदवले. त्याने जन्मतःच पिल्लांच्या डोळ्यांवर टोपी घातली होती; ती टोपी पहिल्या दोन-तीन दिवसांत काढली तर पिल्ले त्याच्या मागे धावत, चौथ्या दिवसाच्या सुमारास काढली तर त्यालाच बघून घाबरून पळत. तुमच्या पिल्लांचा तो काळ सरला आहे. आता ओळख पोटातूनच करून घ्यावी लागेल.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपला हात वरून येतो. वरून झेपावणारी वस्तू म्हणजे घार, हे पिल्लाला शिकवावे लागत नाही. म्हणून खोका जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर ठेवा आणि एक बाजू कापून तिथे जाळीचे दार करा. हात त्या दारातून, खालून, तळवा वर करून आत न्यायचा आणि तसाच ठेवायचा. बोटे हलवायची नाहीत, पिल्लाच्या मागे हात फिरवायचा नाही. पहिल्यांदा कुणी येणार नाही. मग एखादे आगाऊ पिल्लू येऊन बोटावर चोच मारेल, आणि एकाने खाल्ले की बाकीच्यांना राहवत नाही. मुले घरात असतील तर त्यांना एकच सांगा, पकडायचे नाही. पाठलाग करून एकदा पकडले की आठवड्याची मेहनत पाण्यात.

ही शिकवणी उबदार पिल्लांनाच द्या. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. पावसात वीज गेली आणि पिल्ले गोळा होऊन चिवचिवत बसली, तर त्या वेळी त्यांना तुमच्या तळहातात काही रस नसतो.

खाऊ कोणता? वाळवी. तिच्यापुढे बाजारचे सगळे फिके. आमच्याकडे जुनी माणसे रोयणीचा (वाळवीच्या वारुळाचा) तुकडा आणून पिल्लांपुढे फोडत, आणि मी अजूनही तेच करतो. (जिथे सातेरी देवी म्हणून रोयण पुजली जाते तिला अर्थातच हात लावायचा नाही.) घराच्या लाकडाला औषध मारले असेल तर तिथली वाळवी मात्र पिल्लांना घालू नका. वाळवी नसेल तर उकडलेल्या अंड्याचा चुरा किंवा बारीक कण्या चालतात. कण्या देत असाल तर शेजारी थोडी जाडसर वाळू ठेवा, दाणा दळायला त्यांच्या पोटात खडे लागतात. मुख्य खाणे स्टार्टरचेच (पिल्लांच्या तयार खाद्याचेच) असू द्या आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. जून ते सप्टेंबर पिशवी घट्ट बांधून ठेवा, बुरशी धरलेले खाद्य पिल्लांना मारते.

आता हाक. खुडूक (अंडी उबवून) उठलेली कोंबडी पिल्लांना कशी बोलावते ते एकदा नीट बघा. दाणा सापडला की ती जलद टुकटुक करते, दाणा चोचीने उचलून खाली टाकते, पिल्ले धावतात. तुम्हाला हेच करायचे आहे. आधी आवाज, लगेच खाऊ. खाऊ टाकून झाल्यावर हाक मारली तर ती हाक कुणाच्या लक्षात राहात नाही. आवाज कुठलाही चालेल, आमच्या घरी ‘तीऽ ती ती ती’ करतात, पण घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवावा. मी त्याला करवंटीची जोड देतो. पावसाच्या आवाजात माणसाचा गळा पोचत नाही, करवंटी पोचते.

सकाळी पोट रिकामे असताना सुरुवात करा. आधी खोक्यात, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. पिसे पुरती फुटून ती बाहेर पडायला लागली की अंगणात. पहिल्या दिवशी परस पूर्ण मोकळा सोडू नका, जाळीचा छोटा घेर करा आणि तो वाढवत न्या. रोजची पक्की हाक संध्याकाळची, अंधार पडायच्या अर्धा तास आधी, आणि खाऊ खुराड्याच्या आत. आपल्याकडे पावसाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबर-डिसेंबरात सहालाच, तेव्हा घड्याळ बघून नव्हे तर उजेड बघून हाक मारा. अंधारात कोंबडीला दिसत नाही. उशीर केलात तर ती फणसावर चढून बसेल आणि तुम्ही खाली करवंटी वाजवत उभे राहाल.

हाक कधीही खोटी ठरू देऊ नका, हे मी सगळ्यात वर ठेवीन. कोंबडाही कधी कधी पुढे काही नसताना टुकटुक करून कोंबडीला जवळ बोलावतो, पण त्याचे हेतू वेगळे असतात आणि त्याची पत तो बघून घेईल. तुमची पत कण्यांवर आहे. पाहुण्यांना गंमत दाखवायला रिकामी करवंटी वाजवू नका. त्याहून वाईट म्हणजे हाक मारून बोलवायचे आणि धरून औषध पाजायचे. राणीखेत रोगाची लस डोळ्यात टाकायची असो की पायाची जखम बघायची असो, ते काम रात्री करा. दांडीवर बसलेली कोंबडी अंधारात गुमान हातात येते, आणि तिथे हाकेचा संबंधच येत नाही.

नर पिल्लांचे फार लाड करू नका. हातावर वाढलेल्या कोंबड्याला माणसाची भीती उरत नाही, आणि चार-पाच महिन्यांचा झाला की तो पोटऱ्यांवर झेप घेतो. त्याला हाकेपुरते शिकवा, मांडीवर नको. आणि पिल्ले हाताळून झाली की हात साबणाने धुवा, मुलांचे तर नक्की. पिल्लाच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात.

सगळी पिल्ले सारखी शिकणार नाहीत. दोन-तीन कायम लांबूनच बघतील, पण बाकीचा घोळका धावला की तीही धावतात, त्यामुळे त्यांच्यामागे वेळ घालवू नका. जी सगळ्यात धीट असेल ती मादी असल्यास विकू नका. पुढे ती खुडूक बसली की तिची पिल्ले तिच्या मागोमाग तुमच्या करवंटीला येतील, तुम्हाला वेगळे काही शिकवावे लागणार नाही.