डाग कसला आहे ते आधी बघा, पैशांचं मग बोला

तुमची अडचण मला समजली ती अशी. बाणेरच्या फ्लॅटमध्ये इटालियन मार्बलला डायमंड पॉलिश (मशीनला हिऱ्याच्या कणांचे पॅड लावून घोटणं) केलंत. काम झालं तेव्हा घरच्या काकू खूश होत्या. महिन्याभरात देवघरासमोर आणि बेसिनखाली पांढरट डाग दिसायला लागले. आता त्यांचा मुलगा म्हणतो, अख्ख्या घराचं पॉलिश फुकटात पुन्हा करून द्या, नाहीतर बाकीची रक्कम विसरा, ग्राहक न्यायालयात भेटू. तुमच्या प्रश्नाला वर उत्तर देणाऱ्या दोघांनी तुम्हाला त्यांना वकिलाची नोटीस पाठवायला सांगितलंय. माझं मत, इतक्यात नको. नोटीस गेली की घराचं दार बंद होतं, आणि तुम्हाला सध्या त्या दाराच्या आत जाऊन फरशी बघायची गरज आहे.

आपल्या धंद्यात बहुतेक जण डाग न बघताच पैशांवरून भांडतात. तुम्ही दिवसाउजेडी जा, बिल बरोबर नेऊ नका. मोबाईलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि उजेडाच्या समोरून बघा. गोल गोल ओरखडे सगळीकडे सारखेच दिसले, तर ते तुमच्या मशीनचे. कुठलातरी पॅड गाळला असेल, म्हणजे 200 वरून थेट 800 वर उडी मारली असेल (आकडा जितका मोठा, तितकं घोटणं बारीक), किंवा आधीच्या पॅडचे भरड कण नीट न धुता पुढचा लावला असेल. भिंतीलगत सलग पट्टा आहे आणि वर मिठासारखी पांढरी पूड बोटाला लागते, तर ती ओल. आतलं पाणी क्षार घेऊन वर येतंय. आणि थेंबाच्या, वाटीच्या बुडाच्या, ओघळाच्या आकाराचे मंद ठिपके असतील, जिथे चमक गेलीय पण रंग बदललेला नाही, तर ते आम्लाने खाल्लेलं आहे. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काहीच चालत नाही.

देवघरासमोर म्हटल्यावर माझा पहिला संशय पंचामृतावर आहे. दही आंबट असतं. अभिषेकाचं पाणी, नारळ फोडताना सांडलेलं पाणी, चिंच-मीठ लावून घासलेली समई तिथेच निथळत ठेवणं, हे मी पुण्यातल्या कितीतरी घरांत बघितलंय. पण काकूंना तोंडावर ‘तुमच्याचमुळे झालं’ असं म्हणालात तर सगळं संपलं. त्यापेक्षा त्याच मार्बलचा कटपीस मागा, बहुतेक घरांत गॅलरीत पडलेला असतो. पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाचे दोन थेंब टाका, चहा होईपर्यंत थांबा, पुसा आणि तुकडा त्यांच्या हातात द्या. मुलगाही समोर असू द्या. त्यानंतर सहसा वादाचा सूर बदलतो.

आता मुलाच्या बाजूने एक गोष्ट. पॉलिशनंतर तुम्ही सीलर, म्हणजे डाग आत मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव, मारलात का, आणि मारताना काय सांगितलंत? आत मुरणारा सीलर तेल, हळद, कुंकू, चहा मुरायला वेळ लावतो. आम्ल वरच्या पृष्ठभागालाच खातं, तिथे त्याचा काही उपयोग नाही. कोटेशनमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आता डागाची चिंता नको’ असं काही लिहिलं असेल, तर मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि तुम्ही ते मान्य करून बोलायला हवं. तसं काही लिहिलं नसेल, पण काय सांडू द्यायचं नाही हेही कधी सांगितलं नसेल, तरी मी थोडं झुकतं माप देईन.

माझा हिशेब असा असतो. मशीनचे ओरखडे असतील तर तेवढ्या फरश्या पुन्हा घोटून द्यायच्या, एक पैसा न मागता, आणि बाकीचं पेमेंट त्याच दिवशी घ्यायचं. आम्लाचे ठिपके असतील तर देवघरासमोरच्या फरश्या फक्त मजुरीत, आणि तिथे आरशासारख्या चमकेऐवजी 400च्या आसपास थांबून मॅट फिनिश सुचवायचं. मॅटवर ठिपका पडतोच, पण डोळ्यात खुपत नाही. ओल असेल तर हातच लावायचा नाही. आधी प्लंबर, मग फरशी पूर्ण सुकणं, मग आपण. ओलीवर पॉलिश केलंत तर दोन महिन्यांनी हाच फोन पुन्हा येईल. अख्खं घर फुकट पुन्हा घोटून देणं कुठल्याच प्रकारात बसत नाही, ते शांतपणे सांगा. जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांची सही घ्या: कुठल्या फरश्या, काय करायचं, त्यानंतर किती रक्कम मिळणार आणि दोन्ही बाजूंची तक्रार संपली.

ग्राहक आयोगाचं नाव ऐकून घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. 5 लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारदाराला फी भरावी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, त्यामुळे मुलगा खरंच जाऊ शकतो. आयोगाची नोटीस आलीच तर तुमचं लेखी म्हणणं 30 दिवसांत द्यायचं, फार तर आणखी 15 दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 साली स्पष्ट केलंय. आपल्यातले लोक ‘बघू नंतर’ म्हणत बसतात आणि फोटो, चॅट सगळं हातात असूनही ते मांडायची संधी घालवतात. तुमच्या बाकीसाठी दिवाणी दावा लावायला काम झाल्यापासून तीन वर्षं असतात, म्हणून आज घाई नाही.

पुढच्या कामांसाठी थोडं सांगतो. मशीन लावण्याआधी कोपऱ्यातली एक फरशी शेवटच्या पॅडपर्यंत करून दाखवा आणि त्याच फरशीचा फोटो टाकून ‘असंच हवं’ हे उत्तर लेखी घ्या. पांढऱ्या मार्बलमधलं लोह गंजून आलेला पिवळेपणा पॉलिशने जात नाही, हे त्या नमुन्यावरच दिसतं आणि तिथल्या तिथे बोलता येतं. नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. जी पोकळ वाजते तिच्यावर टेप लावून फोटो काढा, कारण इटालियनच्या शिरा रेझिनने (चिकट राळेसारख्या रसायनाने) भरलेल्या असतात आणि जड मशीनखाली त्या उघडल्या की तडा तुमच्या नावावर जातो. वॉर्डरोबच्या पायाचे, दारांच्या चौकटींचे फोटो पण हवेत. स्लरी, म्हणजे घोटताना निघणारं गढूळ पाणी, लागून लाकूड फुगलं तर ते आपलंच, त्यात वाद नाही. मापाचं तर विचारूच नका. सोफ्याखालची जागा धरली की नाही, स्कर्टिंग रनिंग फुटाने की चौरस फुटाने, जीएसटी धरून की वेगळा, हे आधी लिहिलं नाही की शेवटच्या दिवशी तासभर टेप ओढत बसायचं. पेमेंट मी तीन टप्प्यांत घेतो आणि शेवटचा टप्पा मुद्दाम छोटा ठेवतो. तुमचे चाळीस टक्के शेवटी राहिले, इतकी मोठी रक्कम हातात असली की समोरच्यालाही ती अडवायचा मोह होतो.

आणि कडाप्प्याला किंवा वाड्याच्या जोत्याच्या काळ्या दगडाला तेल पाजून काळाभोर करून देणारे आपल्यातच आहेत. ते काळेपण काही आठवड्यांत उतरतं, मग गिऱ्हाईक पुढच्या प्रत्येक कारागिराला चोर समजतं. पेठांमध्ये जुन्या घरांची कामं करताना ही शिक्षा मी बऱ्याचदा दुसऱ्यांच्या वतीने भोगलीय.

गूगलवर त्याने काही लिहिलं तर लगेच उलट लिहू नका. काम कधी झालं, तक्रार कधी आली, कधी येऊन बघितलं, एवढंच दोन ओळींत. त्यांच्या घरातलं, देवघरातलं काही लिहायचं नाही.

आता एक करा. टॉर्च आडवा धरून काढलेले दोन फोटो इथे टाका, एक देवघरासमोरचा आणि एक बेसिनखालचा. कुठकुठले पॅड वापरले आणि सीलर कुठल्या दिवशी मारला तेही लिहा. बेसिनखालचे डाग मला देवघरासमोरच्यांपेक्षा वेगळे वाटतात. तिथे ट्रॅप (बेसिनखालचा वळणाचा पाइप) गळत असेल, तर तेवढ्यापुरतं प्लंबरचं काम आहे आणि तुमच्या बिलाशी त्याचा संबंध नाही.