तेलकट स्काल्प, कोरडी टोकं आणि महिन्याला ४०० रुपये: मुंबईत राहून नेमका कुठला शाम्पू घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की केस ना धड सरळ ना कुरळे, मुळाशी दुसऱ्याच दिवशी तेलकट होतात, टोकं मात्र केरसुणीसारखी, पावसाळ्यात सगळं पिंजारून वर येतं, चार ब्रँड बदलून झाले आणि महिन्याला ४०० च्या वर जायचं नाही. मी परळला मेडिकलच्या दुकानात काउंटरला असते, डी.फार्म. झालेय, नववं वर्ष चालू आहे, आणि "केसांसाठी चांगला शाम्पू द्या ना" हे वाक्य दिवसाला पाच-सहा वेळा ऐकते. माझे उलटे प्रश्न ठरलेले असतात, स्काल्प (म्हणजे डोक्याची त्वचा) कसा आहे आणि बिल्डिंगला पाणी कुठलं येतं? दुसऱ्या प्रश्नाला लोक हमखास हसतात.

हसू नका, कारण त्यात माझे स्वतःचे सात-आठ महिने आणि बरेच पैसे गेलेत. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, बिल्डिंग नवीन, लिफ्ट-बिफ्ट सगळं चकाचक, पण पालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून रोज टँकर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस काथ्यासारखे झाले. मी दुकानातलीच, त्यामुळे हाताशी होतं ते सगळं लावून बघितलं, महागडा सल्फेट-फ्री आणला, मास्क आणला, आणि शेवटी एका पार्लरमध्ये "स्मूदनिंग" (केमिकल लावून केस सरळ-गुळगुळीत करतात ते) करून घेतलं, जे दोन महिने बरं दिसलं आणि मग कानाच्या खालचे केस तुटायलाच लागले. गणपतीत चार दिवस लालबागला आईकडे राहिले, तिच्या मोरीतला तोच आपला स्वस्तातला शाम्पू वापरला, आणि केस मऊ! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की घोळ नळात आहे.

मुंबईला पालिकेचं पाणी येतं ते तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून, म्हणजे पावसाचं साठलेलं, आणि ते बऱ्यापैकी मऊ असतं. टँकरचं पाणी बहुतेकदा विहिरीचं नाहीतर बोअरचं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. ते केसावर बसतं, साबणासारख्या गोष्टींशी मिळून चिकट थर होतो, केस रखरखीत लागतो, विंचरताना तुटतो. ओळखायचं कसं तर नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या कडेला पांढरी पुटं बघा, अंगाच्या साबणाला फेस येत नसेल तर तेही बघा. त्याने केस मुळापासून गळतात असं मी म्हणणार नाही, लोक मात्र सरसकट म्हणतात. उपाय फार खर्चिक नाही, शेवटचे दोन तांबे प्यायच्या पाण्याचे ओतायचे, आणि दोन आठवड्यांतून एकदा असा शाम्पू वापरायचा ज्याच्या मागे डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलेलं असतं, तो ते क्षार धरून ठेवतो (थोडंफार ईडीटीए बऱ्याच साध्या शाम्पूंतही असतं, आधी घरातली बाटली उलटून बघा). तुमच्याकडे पालिकेचंच पाणी असेल तर हा सगळा पॅरा सोडून द्या.

आता शाम्पू. तुम्ही, आणि मला वाटतं निम्मी मुंबई, इथेच चुकते. बाटलीवर "ड्राय अँड फ्रिझी हेअर" वाचून कोरड्या टोकांसाठी शाम्पू घेता, आणि मग तो जाड, क्रीमसारखा शाम्पू तेलकट स्काल्पला पुरत नाही, दुसऱ्या दिवशी मुळं चिप्पू. शाम्पू स्काल्प बघून घ्यायचा आणि कंडिशनर टोकं बघून. टोकं मुळात मेलेली असतात, केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तुमचे केस खांद्याखाली असतील तर टोकाचा भाग दोन-तीन वर्षं जुना आहे, त्याने इतके उन्हाळे आणि इतके रबरबँड सोसलेत, त्याला शाम्पूने काही "पोषण" मिळत नाही हो. त्याला फक्त वरून गुळगुळीत ठेवता येतं. तेव्हा शाम्पू फक्त मुळाशी चोळा, खाली वाहून जाणारा फेस टोकांना पुरे होतो.

तुमच्यासाठी साधा, पारदर्शक दिसणारा, नेहमीचा शाम्पू चालेल. सल्फेटचा इतका बाऊ करू नका. सोडियम लॉरेल सल्फेट जरा कडक असतं, सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन लिहिलं असेल तर आणखी सौम्य. नावं जवळजवळ सारखीच दिसतात म्हणून चष्मा लावून वाचा. घाम, धूळ, त्यात लोकलमधली चेंगराचेंगरी, अशा शहरात तेलकट स्काल्पला थोडं सल्फेट लागतंच. केस कलर केलेले असतील, स्मूदनिंग केलेलं असेल, किंवा स्काल्प कोरडा आणि खाजरा असेल तर सल्फेट-फ्रीला पैसे घाला, नाहीतर कशाला. एक दिवसाआड धुवा, बिनधास्त. "रोज धुतलं की केस गळतात" हे आईपासून सासूपर्यंत सगळ्या सांगतात, पण मोरीच्या जाळीवर जे केस दिसतात ते आधीच मुळातून सुटलेले असतात, पाणी त्यांना फक्त बाहेर काढतं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे, आठवड्यातून एकदाच धुणारीला ते एकदम दिसतात म्हणून ती घाबरते.

लेबल वाचायची एक खूण सांगते. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पार शेवटी जे एक टक्क्याहून कमी असतात त्यांचा क्रम मात्र कसाही असू शकतो. तेव्हा पुढे मोठ्ठं "केराटिन", "आर्गन", "कांदा" लिहिलंय आणि मागे ते सुगंधाच्या नंतर येतंय, तर तुम्ही चित्राचे पैसे देताय. कांद्याच्या तेलाची तर कमाल आहे. बऱ्याच बाटल्यांत पहिला घटक मिनरल ऑइल नाहीतर लाईट लिक्विड पॅराफिन असतो. मिनरल ऑइल वाईट नाही, केसावर थर देतं, गुंता कमी करतं, पण ते स्वस्त असतं आणि तुमच्याकडून पैसे मात्र कांद्याच्या तेलाच्या भावाने घेतात.

उलट कंडिशनरवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच नको वाचवायला. तुमच्या ४०० मधला मोठा हिस्सा तिकडे जाऊ द्या. मागे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड आणि सिटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल वरच्या चार-पाच नावांत असेल तर माल ठीक आहे, मग बाटली शंभरची असो की पाचशेची. धुतलेल्या केसावर विजेचा ऋण (निगेटिव्ह) भार असतो आणि या पहिल्या दोन गोष्टींवर धन, म्हणून त्या नेमक्या खराब झालेल्या जागी जास्त चिकटतात. आणि ते "अल्कोहोल" वाचून दचकू नका, ते मेणासारखं असतं, केस कोरडे करणारं नाही. एक गिऱ्हाईक ताई त्यापायी चांगली बाटली परत करायला आल्या होत्या. कानाच्या खाली लावायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, आणि तुमच्या केसांसाठी सर्वात महत्त्वाचं म्हणजे कंडिशनर डोक्यात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा.

कारण तुमचे केस वेव्ही आहेत असं मला वर्णनावरून वाटतंय. आपल्याकडे असंख्य मुली आपले केस "खराब सरळ" आहेत असं समजून आयुष्य काढतात, सुकल्यावर खसाखसा विंचरतात आणि मग ते फुलतात. धुतल्यावर टॉवेलने रगडू नका, पंचा घ्या, आजीचा असतो तसला सुती, नुसता दाबून पाणी टिपा आणि सुकेपर्यंत हात लावू नका. लाट आपोआप दिसेल. पावसाळ्यात हवेतलं पाणी केसात शिरतं, आतले बंध सुटून नवीन तसेच वाकडेतिकडे जुळतात, म्हणून सकाळचा सेट केलेला केस अंधेरी येईपर्यंत वेगळाच दिसतो. त्याला सिरमचे दोन थेंब (पहिल्या नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्झेन) टोकांना पुरतात. ग्लिसरीन वरच्या नावांत असलेली जेल-क्रीम जून ते सप्टेंबर टाळलेली बरी, ती दमट हवेतून अजून पाणी ओढते, बऱ्याच जणींचे केस त्याने जास्तच फुलतात.

खोबरेल तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण खाली कुणीतरी लिहिणारच. धुवायच्या तासभर आधी टोकांना लावा, नक्की लावा. २००३ मध्ये मॅरिकोच्या मुंबईतल्याच संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तुलना छापली होती, त्यात केसातलं प्रोटीन कमी वाया जाण्यात फक्त खोबरेल उपयोगी ठरलं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, तेव्हा त्यांचं तेल जिंकणार यात आश्चर्य नाही असं तुम्ही म्हणाल, मीही म्हटलं होतं, पण कारण पटण्यासारखं आहे आणि ते कुठल्याही शुद्ध खोबरेलाला लागू आहे, घाण्यावरच्या सुद्धा. गंमत म्हणजे शुद्ध खोबरेलाची छोटी बाटली खायचं तेल की केसांचं तेल यावर टॅक्सवाल्यांची भांडणं वर्षानुवर्षं चालली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते खाद्यतेल धरता येतं असं सांगितलं. पण कोंडा असेल तर मुळाशी तेल नको, अजिबात नको. कोंड्यामागची मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते, आणि आपल्याकडे कोंडा दिसला की आधी तेलच थापतात.

कोंडा आहे का बघा हं, तेलकट स्काल्पला बऱ्याचदा असतो आणि तुम्ही खाजेबद्दल काही लिहिलेलं नाही. असेल तर केटोकोनाझोल दोन टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, असं दोन ते चार आठवडे. लोक लगेच धुऊन टाकतात आणि मग "काय फरक नाही" म्हणून येतात. पण शेजारणीला डॉक्टरने दिलेलं स्टिरॉइडचं लोशन मागून डोक्याला लावू नका, आमच्याकडे चिठ्ठीशिवाय ते मागणारे रोज येतात, मी देत नाही आणि शिव्या खाते.

पैशाचं बघू. पाकिटावर एमआरपीच्या जवळ हल्ली युनिट सेल प्राइस छापलेली असते, म्हणजे एका मिलीला किती पैसे, ती बघायची सवय लावा. समजा ७५ मिली ९० रुपयांना आणि ३४० मिली २७२ ला, तर पहिली १ रुपया २० पैसे मिली आणि दुसरी ८० पैसे. पण आपल्या देशात एक उलटा प्रकार आहे, पुडी. दोन रुपयांच्या पुडीत साधारण पाच-सहा मिली, म्हणजे मिलीला चाळीस पैशांच्या आत-बाहेर, त्याच कंपनीच्या बाटलीपेक्षा स्वस्त! मी नवीन शाम्पू आधी चार पुड्या आणून बघते, मगच बाटली. कायमस्वरूपी पुड्या वापरा असं सांगायला मन होत नाही, ते प्लास्टिक कुणी उचलत नाही आणि पावसात आमच्या दुकानासमोरच्या गटारात तेच तरंगत असतं. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि हेअर ऑइलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, जुन्या एमआरपीचा माल कुणी त्याच भावाने देत असेल तर विचारा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मोठ्या बाटल्या अर्ध्या भावात मिळतात, त्या घेताना झाकणाचं सील, बॅच नंबर आणि लायसन्स नंबर बघा. वाटलं तर घ्या, मी घेत नाही.

शिकेकाई-रिठ्याचं कुणी सांगेल. रिठ्याला फेस येतो, तेल निघतं, खोटं काही नाही त्यात. पण सातच्या फास्ट लोकलला पळणारीने आदल्या रात्री उकळून, गाळून, डोळ्यात न जाऊ देता न्हायचं म्हणजे… माझी आई करते, ती रिटायर्ड आहे. अंगाचा साबण मात्र केसाला नको, तो अल्कली असतो, केसाचे खवले उघडतात.

हे सगळं तुटण्या-पिंजारण्यासाठी झालं. केस मुळापासून, मूठमूठ येत असतील तर शाम्पू शोधत बसू नका. ताप, डेंग्यू, बाळंतपण, क्रॅश डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकदा आपलं आपण थांबतं, पण भांग रुंदावत असेल किंवा गोल टक्कल दिसत असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड वगैरे तपासावं लागतं. प्रायव्हेट स्किनवाल्याची फी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन कुठेही स्किनच्या ओपीडीत केसपेपर काढा, खर्च नगण्य आणि डॉक्टर चांगले. फक्त सकाळी लवकर जा, आणि त्या दिवशी ऑफिसला सरळ सुट्टीच टाका.