काचेवरचे तारे

प्रश्न : हेन्रिएटा लेव्हिट दुर्बिणीवर बसत नसत, असं वाचलं. मग एवढा मोठा शोध त्यांच्या नावावर कसा? — एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, ताऱ्यांची अंतरं मोजायची वाट दाखवणाऱ्या या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ काचा बघत. हार्वर्ड वेधशाळेची एक दुर्बीण पेरू देशात अरेक्विपाला होती. तिथे काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो अमेरिकेत येत. रात्री दुर्बिणीवर पुरुष, दिवसा काचा मोजायला बायका. या बायकांनाच तिथे ‘कॉम्प्युटर’ म्हणत! लेव्हिटबाईंना ताशी ३० सेंट मिळत, तोही इतरजणींपेक्षा थोडा चढा दर.

काम किचकट. एका रात्रीच्या निगेटिव्हवर तारे म्हणजे काळे ठिपके. त्यावर दुसऱ्या रात्रीची, पांढऱ्या ठिपक्यांची काच ठेवायची. तारा तसाच असेल तर काळ्यावर पांढरा बरोबर बसतो, तेज बदललं असेल तर कड उरते. असं भिंगातून बघून बघून १९०८ साली त्यांनी मॅजेलनच्या दोन मेघांतल्या (आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) १,७७७ रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची यादी छापली.

खरी गंमत १९१२ ची. धाकट्या मेघातल्या २५ ताऱ्यांत त्यांना दिसलं, की तारा जितका तेजस्वी तितका त्याचा कमीजास्त होण्याचा फेरा लांब. सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत. मेघातच हे का कळलं? पुण्यातून सिंहगडावरचे दिवे बघा. सगळे साधारण सारखेच लांब, म्हणून मंद दिसतो तो खरोखरच मंद. एकदा हे गणित बसलं, की फेरा मोजून खरं तेज काढायचं आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी १९२३ साली देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा पकडला, आणि देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची ठरली.

ते १९१२ चं पत्रक मात्र निघालं वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या सहीने. मजकूर मिस लेव्हिट यांचा, एवढं सुरुवातीला म्हटलंय, पण मला ते अजून खटकतं. १९२१ साली त्या गेल्या. नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवावं म्हणून स्वीडनचे गणिती मिट्टाग-लेफ्लर यांनी १९२५ साली पत्र धाडलं, तेही गेलेल्या लेव्हिटबाईंच्याच नावे!

आमच्या गच्चीवर ऑक्टोबरात मी मुलांना असाच एक तारा, वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा, दाखवतो. त्याचा फेरा ५.३७ दिवसांचा. शेजारच्या दोन ताऱ्यांशी रोज ताडून वहीत लिहा, आठवड्यात फरक कळेल. दुर्बीण लागत नाही.